वेर्बिव्काचं पाणी

पुण्याजवळच्या मांजरी गावात भैरोबाचं नवं देऊळ बांधून झालं, कळस चढवायला दोन महिन्यांनंतरचा रविवार ठरला, आणि भावकीच्या बैठकीत आप्पासाहेबांनी एक टूम काढली. कळसाच्या आधी देवाला अभिषेक, आणि तो भावकीतल्या सुनांनी करायचा. प्रत्येकीनं आपल्या माहेरच्या विहिरीचं नाहीतर नदीचं पाणी कळशीतून आणायचं, देवापुढं माहेरच्या गावाचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि ओतायचं. थोरली सून पहिली. ऐकायला झकास होतं. बायकाही खूश झाल्या, कारण एरवी देवळाच्या कार्यक्रमात त्यांच्या वाट्याला पुऱ्या लाटण्यापलीकडे काही येत नसे.

आता भावकीतली सगळ्यात थोरली सून म्हणजे तुळजाबाई. ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, पण जिभेनं अजून ताठ. आप्पासाहेब तिचे पुतणे. ते अगदी मायेनं म्हणाले की काकीला बिचारीला माहेरच नाही, ती पाणी कुठून आणणार? तिच्यासाठी पहिल्या रांगेत गादीची खुर्ची ठेवू, शाल घालू. पहिलं पाणी आमच्या मथुरेच्या हातून होऊ दे. मथुराबाई म्हणजे त्यांची बायको. बैठकीनं माना हलवल्या, चहा आला, विषय संपला.

तुळजाबाईचा मुलगा दत्तोबा चहा न घेताच उठला. त्यानं घरी येऊन बहिणीला फोन लावला. शकू त्याच्यापेक्षा मोठी, लग्न होऊन कोथरूडला गेलेली. ती फ्लॅटमध्ये मटार सोलत बसली होती. ऐकता ऐकता तिनं हातातली शेंग अशी काही दाबली की दाणे टीव्हीपर्यंत उडाले.

"माहेर नाही म्हणजे? आई काय उसाच्या फडातून उगवली?"

शकूचा स्वभाव खरा चेष्टेखोर. सोसायटीच्या चेअरमनला कुणाच्या तरी नावानं फोन करून गच्चीवर कोण पळवेल, तर शकू. पण त्या दिवशी तिला एकही विनोद सुचला नाही. मायेनं केलेला अपमान होता ना तो. शिवी दिली असती तर परत तरी देता आली असती.

माहेर होतं. फक्त ते भलतंच लांब होतं. तुळजाबाईचं पाळण्यातलं नाव ओलेना, गाव युक्रेनमधलं वेर्बिव्का. आठ-नऊ वर्षांची असताना, दुसऱ्या महायुद्धात, ऐन थंडीत, पहाटे रशियाचे बंदूकवाले दारात आले. अंगावरचे कपडे आणि हाताला लागेल ते गाठोडं घेऊन अख्खं घर मालगाडीत कोंबलं आणि सैबेरियाकडे धाडलं. थोरला भाऊ इवान त्या दिवशी मामाच्या गावाला गेला होता, तेवढाच सुटला. आईबाप त्या बर्फातच राहिले. पोरगी मात्र तिथून सुटलेल्या माणसांबरोबर इराण, कराची करत करत कोल्हापूरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत येऊन पडली. देश स्वतंत्र झाला, पुढं छावणी मोडली, सोबतची माणसं जगभर पांगली. ओलेना कुठंच गेली नाही. छावणीला भाजीपाला पोचवणाऱ्या ट्रकवर मांजरीचा गेनबा होता. त्याच्याच ट्रकमधून ती मांजरीत उतरली. सासूनं आधी अन्न सोडलं, मग राग सोडला, आणि भवानीच्या नावावरून सुनेला तुळजा केलं.

भाकरी थापणं, ऊस खुरपणं, भावकीशी भांडणं, सगळं ती शिकली. पण भांडण हरायला लागलं की समोरची बाई एकच दगड उचलायची: तुला ना माहेर ना मुराळी. मुराळी म्हणजे सासरी असलेल्या बहिणीला सणाला न्यायला येणारा भाऊ. पंचमीला गावात सगळ्यांचे मुराळी यायचे. तुळजाबाई त्या दिवशी मुद्दाम घरातल्या गोधड्या घेऊन कालव्यावर धुवायला जायची. शकूला ते लहानपणी कळत नसे. तिला वाटायचं, आईला सणाच्या दिवशीच स्वच्छतेचं वेड लागतं.

तर शकूनं ठरवलं, माहेर शोधायचं आणि पाणी आणायचं. पहिली कळशी आईचीच. तिनं पोरीला, नीरजाला, कामाला लावलं. नीरजा खराडीच्या आयटी कंपनीत. तिनं मोबाईलवर दोन मिनिटं बोटं फिरवली आणि तोंड वाकडं केलं. "अगं मम्मी, वेर्बिव्का ढिगानं आहेत तिकडे. झाडावरून ठेवलेलं कॉमन नाव आहे. आपल्याकडे वडगाव असतं ना, तसं."

झालं. म्हणजे वडगाव शेरी की वडगाव बुद्रुक की मावळातलं, हा घोळ तिथंही.

मग शकू मांजरीला जाऊन आईसमोर बसली. तुळजाबाई तांदूळ निवडत होती. गावाबद्दल तिला असं कुणी नीट विचारलंच नव्हतं. गेनबानं एकदोनदा विचारलं असेल, तेही अंधारात, कुणी ऐकू नये म्हणून. ती तांदळातून मान वर न करता सांगत गेली. गावाला तळं होतं. तळ्यापलीकडं साखर कारखान्याचं धुराडं. ऊस नव्हता, बीट होतं, मुळ्यासारखं जमिनीत वाढणारं. बीट भरून एक छोटी आगगाडी यायची, पोरं धावत जाऊन मागच्या डब्यातून बीट पळवायची. गावात देवळं दोन, एक ह्या अंगाला, एक त्या अंगाला. आणि अंगणात आपली विहीर, अख्खी आळी तिथं पाण्याला.

"हितं गळीत सुरू झालं की जो वास येतो, तसाच," ती म्हणाली. "त्या वासावर तर मी नांदले."

एवढं पुरलं. नीरजाच्या टीममध्ये तिकडची एक मुलगी होती, ओक्साना. रोज कॉलवर असायची, हिच्याशी मैत्री होती. तिनं जुने नकाशे धुंडाळले. तळं, साखर कारखाना आणि छोटी आगगाडी अशी तिन्ही असलेली वेर्बिव्का एकच निघाली. ओक्सानाचा काका रविवारी गाडी काढून तिथं गेला आणि चर्चमधून बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यानं सरळ विचारलं. इवान, ज्याची बहीण नेली होती तो? म्हाताऱ्यांनी हात करून घर दाखवलं. इवान वारला होता. आता त्याचा नातू स्तेपान त्या घरात राहत होता.

पहिला व्हिडिओ कॉल झाला तेव्हा दत्तोबाच्या ओसरीवर अर्धी आळी जमली होती. स्तेपान चांगला चाळिशीचा, लालबुंद, दांडगा गडी. तुळजाबाईला बघून तो ढसाढसा रडला. आजोबा दर वर्षी चर्चमध्ये मेलेल्यांच्या नावांत ओलेनाचं नाव घ्यायला लावायचे, तिच्या नावानं मेणबत्ती लावायचे, असं त्यानं सांगितलं. मधे ओक्साना इंग्रजी करायची, नीरजा मराठी करायची, शकू डोळे पुसायची. स्तेपाननं मोबाईल अंगणात नेला. विहीर तीच होती, वर नवं छप्पर होतं. तुळजाबाईनं पडद्यावर बोट ठेवलं आणि इतक्या वर्षांत घरच्यांनी कधी ऐकला नव्हता असा एक शब्द बोलली. ओक्साना म्हणाली, तिकडं पाण्याला हेच म्हणतात.

पाण्याचं काय अवघड होतं? ओक्साना प्रोजेक्टसाठी पुढच्या महिन्यात पुण्याला येणारच होती. स्तेपाननं बाटली भरून द्यायची, तिनं आणायची. त्यानं छातीवर हात ठेवून कबूल केलं. दत्तोबा त्याच संध्याकाळी पेढे घेऊन आप्पासाहेबांकडे गेला आणि खुर्चीची गादी रद्द करा म्हणाला. आप्पासाहेबांनी पेढा खाल्ला, पण कडू कारलं खाल्ल्यासारखा.

आणि मग स्तेपाननं फोन उचलणं बंद केलं.

आज उचलेल, उद्या उचलेल. नीरजा म्हणे, नेटवर्क नसेल. शकू म्हणे, आजारी असेल. शेवटी ओक्सानानं काकाला परत पाठवलं, तेव्हा भानगड कळली. स्तेपानचं घर आता मोठ्या रस्त्याला लागलं होतं. शेजारची जमीनही पणजोबांपासूनची. तिथं त्याला रस्त्यावरच्या गाड्यांसाठी हॉटेल टाकायचं होतं. अशात आजोबांची मेलेली बहीण जिवंत निघाली, आणि तिचा मुलगा भल्यामोठ्या गाडीला टेकून काढलेले फोटो पाठवतोय. बायकोनं त्याचे कान भरले, वकिलानं बायकोचे भरले. स्तेपानचं म्हणणं एवढंच की म्हातारीनं आधी कॅमेऱ्यापुढं सांगावं, मला घरात-जमिनीत काही नको. मग पाणी देतो.

नीरजा संतापली. हाऊ चीप, हाऊ मीन, असं बरंच इंग्रजी बोलली. दत्तोबाला मात्र हसू फुटलं.

"आपल्यातलाच निघाला की गडी," तो म्हणाला.

त्याच्या दृष्टीनं अडचण अशी काही नव्हतीच. हक्कसोड. मांजरीत हा शब्द शाळेतल्या पोरालाही माहीत. खराडीला काचेच्या इमारती उठल्या, बिल्डर लोक मांजरीच्या शेतांवरून मोजपट्ट्या घेऊन फिरायला लागले, तेव्हापासून घरोघरी भाऊ लोकांना एकदम बहिणी आठवायला लागल्या. भाऊ गाडी घेऊन जायचा, बहिणीला सन्मानानं बसवायचा, रजिस्टर ऑफिसला न्यायचा. माझा बापाच्या जमिनीतला हिस्सा मी राजीखुशीनं सोडला, म्हणून बहीण सही करायची. भाऊ साडी घ्यायचा. सही न करणारीला माहेरचं दार बंद व्हायचं, म्हणून सगळ्या करायच्या. आणि गंमत बघा, आपल्या बायकोनं तिच्या माहेरी सही केली की हेच पुरुष पेटायचे. आप्पासाहेब मथुराबाईच्या सहीवरून मेव्हण्याला वर्षभर शिव्या घालत होते. त्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या बहिणींच्या सह्या घेतल्या.

शकूनंही केली होती. दत्तोबा मोटरसायकलवरून कोथरूडला आला होता, आक्का, फक्त पाच मिनिटांचं काम आहे म्हणाला होता. नंतर मिसळ खायला घातली, मोरपंखी साडी घेतली. शकू हा किस्सा भिशीत नकला करून सांगायची. सही करताना कारकुनानं विचारलं, राजीखुशीनं का? मी म्हटलं, हो, मिसळखुशीनं. बायका हसून लोळायच्या.

तर दत्तोबानं व्हिडिओची तयारी केली. अंगणात खुर्ची मांडली, आईला इरकल नेसायला लावली, मोबाईल धरून उभा राहिला. शकू मुद्दाम आली होती, आईचा पदर सारखा करून बाजूला बसली. दत्तोबानं आईला समजावून सांगितलं. एकच वाक्य म्हणायचं, मला घरादारात, जमिनीत हिस्सा नको. तुझ्या भाषेत येत नसंल तर मराठीत म्हण, नीरजा बघून घेईल.

तुळजाबाईनं मोबाईल हातानं बाजूला सारला.

"ह्ये त्यानं सांगितलं का तू?"

त्यानंच, दत्तोबा म्हणाला. मग पुढं सगळं उलगडून सांगितलं, रस्ता, हॉटेल, वकील, कसलीही लाज न वाटता, कारण त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे हेच त्याला दिसत नव्हतं.

"दत्ता," ती म्हणाली, "त्या घरातनं मला बंदूक लावून भाईर काढली. तवा कुनी सही मागितली न्हाई. मेले समजून मेनबत्ती लावली. तवा बी कुनी सही मागितली न्हाई. आता जित्ती हाय म्हनून कळलं, तर आधी सही."

"आई, आगं तुला जायाचंय का तिथं ऱ्हायला?"

"न्हाई जायाचं. काय करायचंय मला ते घर? पन नको म्हन, असं मला सांगनारा कोन?"

दत्तोबा हसत हसत शकूकडं वळला, आक्का, तू तरी सांग म्हणाला. शकू आईचा पदर परत एकदा सारखा करायला लागली. तेवढ्यात आई तिच्याकडं न बघताच बोलली.

"शकीची सही घेतलीस त्या दिशी मी चुलीपाशी बसले हुते. बोलले न्हाई. वाटलं, आपल्याला कधी माहेरच न्हवतं, ह्यातलं आपल्याला काय कळतंय. आता कळलं."

ती उठली आणि इरकल बदलायला आत गेली.

शकूचे कान तापले. इतकी वर्षं नकला करून सांगितलेला किस्सा, आणि आत्ता पहिल्यांदा तिला त्या साडीचा रंग आठवायलाही नकोसा झाला. तिला भावाचा राग आला, त्याहून स्वतःचा आला, आणि हसणाऱ्या भिशीचाही आला, कारण त्यातल्या बहुतेकींनी सह्या केल्या होत्या. म्हणून तर त्या एवढ्या जोरात हसत होत्या. दत्तोबाला ती एवढंच म्हणाली की मोबाईल खिशात घाल. तो काय चुकलं, काय चुकलं करत राहिला. ही सगळी त्याच्या आईच्या मानासाठीच धडपड चाललीय, हे त्याचं म्हणणं. आणि ते खोटंही नव्हतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट होती.

कळसाच्या आदल्या दिवशी दत्तोबा मिनरल वॉटरची बाटली घेऊन आला. लेबल काढून टाकलेलं. पाण्याला काय पासपोर्ट असतो का, तो म्हणाला. देवापुढं नाव घ्यायचं आणि ओतायचं, कोण चव घेऊन बघणार आहे? शकूला क्षणभर मोह झाला. असली चलाखी तिच्या रक्तातली. अख्ख्या भावकीला, आप्पासाहेबांसकट, बाटलीतल्या पाण्यापुढं हात जोडायला लावायचे, ह्या कल्पनेनंच तिच्या ओठांवर हसू यायला लागलं. पण म्हातारीनं बाटली घेतली, बूच काढलं आणि तुळशीत ओतली.

रविवारी देवळापुढं मांडव, लाऊडस्पीकर, आमदारांची वाट बघणं, सगळं रीतसर. नऊवारीतल्या बायका कळश्या घेऊन रांगेत. कुणी लोणी गावचं पाणी आणलेलं, कुणी थेऊरचं, कुणी थेट सांगोल्याहून. सगळ्यात पुढं मथुराबाई. आप्पासाहेब माईक घेऊन सूचना देत होते. पहिल्या रांगेतल्या गादीच्या खुर्चीवरून तुळजाबाई उठली. तिच्या हातात कळशी होती. शकूनं दंडाला धरलं आणि दोघी मथुराबाईच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या. आप्पासाहेबांनी काकीला गोड आवाजात बसायला सांगितलं. शकूनं त्यांच्या हातातला माईक काढून घेतला, जसा सोसायटीच्या मीटिंगमध्ये घेते तसा, आणि आईपुढं धरला.

"माझं माहेर वेर्बिव्का," तुळजाबाई म्हणाली. लाऊडस्पीकरवरून ते नाव रस्त्यापलीकडच्या टॉवरपर्यंत गेलं. "अंगनात हीर हाय. हिरीला पानी हाय. भावाचा नातू म्हनला, हिस्सा सोड, मग पानी देतो. म्या सोडला न्हाई."

तिनं कळशी पालथी करून पायरीवर ठेवली. आतून थेंब आला नाही.

रांगेतल्या बायका आधी त्या पालथ्या कळशीकडं बघत होत्या. मग एकेक जण आपल्या हातातल्या भरलेल्या कळशीकडं बघायला लागली. आप्पासाहेबांनी मथुराबाईला डोळ्यांनी खुणावलं, तू पुढं हो. मथुराबाई पुढं झाली. देवाच्या दिशेनं नाही, पायरीच्या दिशेनं. तिनं आपली कळशी तुळजाबाईच्या कळशीशेजारी टेकवली.

"माझं बी सहीचंच पानी हाय, काकी," ती म्हणाली. "ह्ये देवाला घालू का?"

"मथुरे, लोक बघत्यात," आप्पासाहेब दातांतून बोलले.

"मग बघू द्या. माझ्या भावाला वर्षभर शिव्या घातल्यात. तुमच्या बहिनी बी आल्यात आज, त्या मागं बसल्यात. त्यास्नी इचारा."

मग सांगोल्याची कळशी खाली आली. मग थेऊरची. पितळ दगडावर टेकायचा आवाज येत राहिला, आणि माईक अजून शकूच्या हातात असल्यामुळे तो सगळ्या मांजरीला ऐकू गेला. मागं बसलेल्या माहेरवाशिणी, म्हणजे गावच्या लेकी, उठून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडं कळश्या नव्हत्या. त्या नुसत्या भावांकडं बघत होत्या, आणि भाऊ लोक मांडवाच्या झालरी मोजल्यासारखे वर बघत होते.

गुरुजींनी घड्याळ दाखवलं. मुहूर्त टळतोय. आप्पासाहेबांनी एका बाईला विनवलं, दुसरीवर डोळे वटारले, उपयोग शून्य. शेवटी त्यांनी नव्या सोसायट्यांना पाणी पोचवणारा टँकर अडवून आणवला. भावकीतल्या कर्त्या पुरुषांनी धोतरं, पँटी वर खोचल्या, पाईप गाभाऱ्यात ओढला, आणि भैरोबाला टँकरच्या पाण्यानं आंघोळ घातली. माहेराचं नाव कुणी घेतलं नाही. टँकरचं माहेर कुणाला माहीत होतं?

बायका कळश्या उचलून पिंपळाच्या सावलीत जाऊन बसल्या. ऊन मी म्हणत होतं. मथुराबाईनं आपल्या कळशीतलं पाणी पेल्यात ओतून पहिल्यांदा तुळजाबाईला दिलं. तिनं घोट घेतला, जिभेवर घोळवला, जरा मचूळ हाय तुझं लोणी, म्हणाली. मथुराबाईला ते लागलं. आमची हीर गोड हुती, बिल्डरनं बुजवली, ह्ये बोरचं हाय, म्हणाली. मग पेला फिरायला लागला, आणि प्रत्येक घोटाला एकेकीचं गाव, एकेकीचा भाऊ, एकेकीची साडी निघायला लागली. हसू कमी आणि शिव्या जास्त, पण शिव्या मनापासून.

तेवढ्यात दत्तोबा आला. नखशिखांत भिजलेला, पाईप ओढून दमलेला, घशाला कोरड पडलेली. देवाचं सगळं पाणी अंगावर, आणि प्यायला थेंब नाही. त्यानं आईकडं बघितलं, आईनं मान फिरवली. मग तो शकूपुढं उकिडवा बसला आणि पेल्यासाठी हात पुढं केला.

"आक्का, पानी दे."

शकूनं पेला मांडीवर ठेवला आणि वर तळहात झाकला.

"आधी माझा हिस्सा," ती म्हणाली.